पोटरीची वेदना : हृदयाची पूर्वसूचना

क्षिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जयिनी नगरीत दरवर्षी भर उन्हाळ्यात पंचक्रोशी यात्रा निघते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमीस, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य दशमीस तिला आरंभ होतो आणि अमावास्येस तिची सांगता होते. पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराचे दर्शन घेऊन, त्याच्याकडून चालण्याचे ‘बळ’ मागून यात्रेकरू निघतात. पिंगलेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल, उंडासा अशा मुक्कामांवरून ते सुमारे ११८ किलोमीटरांची प्रदक्षिणा पुरी करतात आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून, घेतलेले बळ देवाला परत करतात. डोक्यावर शिधाशिदोरीचे गाठोडे घेऊन चालणाऱ्या या समुदायात माळव्यातील शेतकरी, मजूर, वृद्ध स्त्रिया असे सर्व थरांतील लोक असतात. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही उज्जैन व इंदूर परिसरात पुष्कळ आहेत.

अशा कोणत्याही यात्रेत, मग ती पंचक्रोशी असो की पंढरीची वारी, एक दृश्य हमखास दिसते. साठीच्या घरातील एखादा यात्रेकरू दोन-तीनशे पावले चालतो आणि थांबतो. पोटरीत गोळा येतो, पाय पुढे पडेनासा होतो. तो पाच मिनिटे नुसता उभा राहतो, वेदना जाते. पुन्हा चालू लागतो, आणि जवळजवळ तेवढेच अंतर गेल्यावर पोटरी पुन्हा धरते. सोबतचे म्हणतात, “वय झाले, वात आहे.” कोणी तेल चोळून देतो, कोणी दुखरा पाय दाबून देतो. रात्री विसावल्यावर काहीच वाटत नसल्यामुळे गोष्ट तिथेच विसरली जाते.

ही वेदना वयाची नसून आजाराची असू शकते, आणि तो आजार केवळ पायाचा नसतो, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

एक झाड, अनेक फांद्या

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त ज्या नळ्यांमधून शरीरभर पोचते, त्यांना धमन्या किंवा रोहिणी म्हणतात. त्यांची रचना झाडासारखी आहे. हृदयातून निघणारी महाधमनी हे खोड. तिच्यापासून हृदयाच्या स्नायूंना, मानेवाटे मेंदूला, मूत्रपिंडांना, आतड्यांना आणि पायांना शाखा जातात. तारुण्यात या नळ्यांचे अस्तर गुळगुळीत व लवचिक असते. पुढे तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांच्या माऱ्याने अस्तराला इजा होते, तेथे मेदाचा लेप साचू लागतो आणि नळी अरुंद होत जाते. वैद्यकीय परिभाषेत याला रोहिणीविलेपी विकार म्हणतात. कधी या लेपावरील पापुद्रा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि नळी एकाएकी बंद होते. हृदयाच्या धमनीत असे झाले तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या धमनीत झाले तर पक्षाघात होतो. पायाच्या धमनीत झाले तर पाय थंड, निळसर पडतो आणि काही तासांत धोक्यात येतो.

सर्व शाखांतून एकच रक्त वाहते. तंबाखूचा धूर किंवा रक्तातील साखर एका फांदीला त्रास देऊन दुसरीला सोडून देत नाही. म्हणून एका ठिकाणी लेप सापडला, तर दुसऱ्या ठिकाणीही तो असण्याचा संभव मोठा असतो. हृदय, मेंदू आणि पाय या तिन्हींपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी आजार असलेल्या रुग्णाला बहुधमनी विकाराचा रुग्ण म्हणता येईल. त्याच्या बाबतीत प्रत्येक अवयवाचा वेगळा विचार करून भागत नाही.

पोटरीच का दुखते?

विसाव्याच्या वेळी पोटरीच्या स्नायूला थोडे रक्त पुरते. चालू लागताच त्याची गरज अनेक पटींनी वाढते. धमनी अरुंद असेल तर तेवढे रक्त पोचत नाही, स्नायूची उपासमार होते आणि वेदना सुरू होते. थांबले की गरज कमी होते आणि वेदना शमते. गंमत अशी की, वैद्यकशास्त्राने ही गोष्ट प्रथम घोड्यात ओळखली. फ्रान्समधील बूली या पशुवैद्याने १८३१ मध्ये, थोडे धावताच लंगडणाऱ्या आणि विसाव्यानंतर पुन्हा नीट चालणाऱ्या घोड्याच्या पायातील धमनी बंद झाल्याचे दाखवून दिले. माणसातील याच लक्षणाचे वर्णन शार्को या फ्रेंच वैद्याने १८५८ मध्ये केले.

प्रत्येक पायदुखी या कारणाने होत नाही, हेही सांगितले पाहिजे. गुडघ्याच्या संधिवाताची वेदना उठता-बसता होते. कण्यातील नस दबल्यामुळे होणारी वेदना नुसते उभे राहून जात नाही. त्यासाठी बसावे किंवा पुढे वाकावे लागते. धमनीच्या विकारातील वेदना मात्र चालण्याने येते, ठराविक अंतरावर येते आणि उभे राहिल्याने काही मिनिटांत जाते. ही तीन लक्षणे जुळली तर वैद्याकडे गेलेच पाहिजे. उलटपक्षी, पायाच्या धमन्या बिघडलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत असे ठराविक लक्षण आढळतही नाही. मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झालेली असेल, किंवा माणूस मुळातच फार चालत नसेल, तर वेदनेची सूचना मिळतच नाही. अशा वेळी थंड पाऊल, न भरणारी जखम किंवा काळवंडलेले बोट हीच पहिली खूण ठरते.

तपासणी अवघड नाही. पावलाच्या वरच्या बाजूस आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते. वैद्य किंवा प्रशिक्षित परिचारिका ती बोटांनी पाहू शकते. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी लागत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी पाहावे लागते. शंका आल्यास घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करतात. दंडाच्या मानाने घोट्याचा दाब ०.९ पट किंवा त्याहून कमी भरला, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असे समजतात. या चाचणीत टोचणे नाही, कापणे नाही.

परिणामांचा हिशेब

पोटरी दुखणाऱ्या रुग्णाला साहजिकच भीती वाटते ती पाय गमावण्याची. अनुभव मात्र वेगळेच सांगतो. चालताना पोटरी दुखण्यापुरताच त्रास असलेल्या शंभर रुग्णांची पाच वर्षांची वाटचाल पाहिली, तर बहुसंख्यांची पायाची तक्रार आहे तेवढीच राहते आणि फारच थोड्यांवर पाय कापण्याची पाळी येते. परंतु त्याच शंभरांपैकी सुमारे वीस जणांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो, आणि जे दगावतात त्यांतील बहुतेक हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारानेच दगावतात. दुखते पायात, संकट येते छातीत, असा हा प्रकार आहे. ज्यांना विसाव्यातही वेदना असते किंवा पायावर न भरणारे व्रण असतात, त्यांची स्थिती याहून कठीण. त्यांच्यापैकी ढोबळ मानाने एक चतुर्थांश रुग्ण वर्षभरात पाय गमावतात आणि जवळजवळ तेवढेच प्राण गमावतात.

आजार जितक्या ठिकाणी, तितका धोका अधिक, हे मोजूनही पाहण्यात आले आहे. ‘रीच’ या नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत २००३ व २००४ या वर्षांत ४४ देशांतील ६८ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अशाच कारणाने रुग्णालयात भरती, यांपैकी काहीतरी एका वर्षाच्या आत घडलेल्या रुग्णांचे प्रमाण असे होते : केवळ धोक्याची कारणे असलेल्यांत शेकडा ५.३, एका ठिकाणी आजार असलेल्यांत १२.६, दोन ठिकाणी असलेल्यांत २१.१, आणि तिन्ही ठिकाणी असलेल्यांत २६.३. म्हणजे तिन्ही ठिकाणी आजार असलेल्या चार रुग्णांपैकी एकावर वर्षभरात मोठे संकट आले. म्हणूनच हृदयविकाराच्या रुग्णाने आपल्या पायांची आणि पायाच्या रुग्णाने आपल्या हृदयाची चौकशी वैद्याकडे स्वतःहून करावी.

औषधोपचारातील तफावत

या विकारांची गाठ आपल्या देशात बऱ्याच लवकर पडते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने देशातील ५० शहरांतल्या ८९ केंद्रांमध्ये २००१ ते २००५ या काळात हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आलेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. या रुग्णांचे सरासरी वय साडेसत्तावन्न वर्षे होते. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम अवधी सहा तासांचा होता. श्रीमंत रुग्णांपैकी शेकडा ५.५ तीस दिवसांत दगावले. गरीब रुग्णांपैकी शेकडा ८.२.

हा फरक कशाने पडला, याचाही शोध त्या अभ्यासकांनी घेतला. कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध श्रीमंतांपैकी शेकडा ६१ जणांना मिळाले होते, गरिबांपैकी ३६ जणांना. इतर उपचारांतही अशीच तफावत होती. उपचारांतील ही तफावत हिशेबात धरताच मृत्यूच्या प्रमाणातील फरक नाहीसा झाला. म्हणजे गरिबाचे हृदय अधिक दुबळे होते असे नव्हे. त्याच्यापर्यंत औषध पोचले नव्हते. अधिकारी वर्गाने आणि ग्रामपंचायतींनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. या विकाराचा परिणाम बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे, असाच तिचा अर्थ होतो.

पायापासून हृदयापर्यंत

फुगा घालून हृदयाची धमनी मोकळी करण्याच्या उपचाराविषयी आता खेड्यापाड्यांतही बोलले जाते. अरुंद धमनी आतून रुंद करण्याच्या या पद्धतीचा आरंभ मात्र पायापासून झाला. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायातील अरुंद धमनी नळीच्या साहाय्याने आतून रुंद केली. तिचे पाऊल सडू लागले होते आणि पाय कापून घेण्यास तिने नकार दिला होता. तिचा पाय अखेरपर्यंत वाचला. त्यानंतर तेरा वर्षांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये, झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयाची धमनी प्रथम मोकळी केली.

या उपचारांचे महत्त्व मोठे आहे. झटका आलेला असताना ते प्राण वाचवतात. पाय सडण्याच्या बेतात असताना पाय वाचवतात. परंतु त्यांनी मोकळी होते ती एक नळी, आणि तिच्यातीलही काही बोटांची लांबी. उरलेल्या झाडाला लागलेली कीड तशीच राहते. “आता जाळी बसवली, आजार संपला” असे समजून गोळ्या बंद करणारा रुग्ण स्वतःची फसवणूक करतो. जाळी बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे वैद्याच्या सल्ल्यावाचून थांबवली, तर तीच जाळी गुठळीने बंद होण्याचा धोका असतो.

घरी काय करावे?

या विकारावरील उपचाराचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, घरी होतो.

पहिली गोष्ट म्हणजे तंबाखू पूर्णपणे सोडणे. पायाच्या धमन्यांचा तर तंबाखूइतका वैरी दुसरा नाही. बिडी व सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद होण्याचा एक वेगळा विकार आढळतो. न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात तिशी-चाळिशीतच बोटे गमावण्याची वेळ येते, आणि तंबाखू सुटल्याखेरीज दुसरा कोणताही उपाय टिकत नाही. कमी बिड्या ओढणे हा तोडगा नव्हे.

दुसरी गोष्ट, औषधे. गुठळी होऊ न देणारे औषध, कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, आणि रक्तदाब व मधुमेह असल्यास त्यांची औषधे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. ती महागडी नाहीत. पण बरे वाटू लागले म्हणून बंद करण्याजोगीही नाहीत. त्याचबरोबर, शेजाऱ्याला दिलेली ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करणे हेही घातक आहे. या गोळीने काहींच्या पोटात रक्तस्राव होतो. कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे वैद्यानेच ठरवावे.

तिसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल, पण ती चालण्याची आहे. पोटरी दुखते म्हणून खाटेवर बसून राहणे अयोग्य. वैद्याने तपासून अनुमती दिल्यावर, वेदना येईपर्यंत चालावे, ती शमेपर्यंत थांबावे, पुन्हा चालावे. असे आठवड्यातून निदान तीन दिवस अर्धा ते पाऊण तास, सलग तीन महिने केले, तर वेदनेविना चालण्याचे अंतर पुष्कळ वाढते. पायावर व्रण असेल किंवा विसाव्यातही वेदना असेल, तर मात्र हा व्यायाम करू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

चौथी गोष्ट पावलांची निगा. मधुमेही व धमनीविकाराच्या रुग्णाने अनवाणी चालू नये. श्रद्धेचा मान राखूनही हे सांगणे भाग आहे. वैशाखाच्या तापल्या रस्त्यावर भाजलेले पाऊल बधिर पायाला कळत नाही. रोज रात्री पावले धुऊन, कोरडी करून, बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडात पाहाव्यात. नजर अधू असेल तर नातवंडांनी पाहावे. कुरूप ब्लेडने कापू नये आणि थंड पाय निखाऱ्यावर शेकू नये.

पाचवी गोष्ट आहाराची. तुपात बुडवलेली बाफले माळव्याचे भूषण आहेत खरी. परंतु सणावारीचे अन्न नित्याचे होऊ नये. मीठ, वनस्पती तूप, तळलेली शेव कमी आणि डाळी, भाज्या, फळे, भरड धान्य अधिक, एवढे पथ्य पुरेसे आहे.

गाव, शाळा आणि शासकीय यंत्रणा

असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्यानुसार तीस वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीचा रक्तदाब व रक्तातील साखर आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासली जाते. आशा कार्यकर्ती घरी येऊन तंबाखूच्या सवयीची व प्रकृतीची माहिती विचारते, तेव्हा ती खरी सांगावी. “चालताना पोटरी दुखते” हेही आवर्जून सांगावे. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिचा लाभ देण्यात आला आहे. घरातील ज्येष्ठांचे कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवावे.

शिक्षकांचे कार्य याहून मोठे आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास, तसेच अठरा वर्षांखालील मुलांना ती विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. शाळेसमोरची टपरी हटवणे हे एका दृष्टीने तीस वर्षांनंतरचा झटका टाळणेच होय. प्राथमिक आरोग्य केंद्रातील अधिकाऱ्यांनी रक्तदाब व मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची पायाची नाडी वर्षातून एकदा पाहावी. आणि महिन्याच्या गोळ्या नेण्यास जो आला नाही, त्याचे नाव नोंदवहीत शोधून आशा कार्यकर्तीस त्याच्या घरी पाठवावे. रुग्णालयातून किती जण घरी गेले, एवढ्या आकड्याने परिणाम कळत नाही. वर्षभरानंतर त्यांतील किती जण हिंडते-फिरते आहेत आणि किती जण औषध घेत आहेत, तो आकडा खरा.

वेळेचे मोल

छातीत दाब, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, दरदरून घाम. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे. किंवा एकाएकी थंड व पांढरा पडलेला, असह्य ठणकणारा पाय, यांपैकी काहीही दिसले तर तेल चोळण्यात, अंगारा लावण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तराणा किंवा महिदपूर तालुक्यातील खेड्यातून उज्जैनला आणि तेथून सुमारे ५५ किलोमीटरांवरील इंदूरला जाण्यात या साडेचार तासांतला किती वेळ खर्ची पडेल, याचा हिशेब प्रत्येक गावाने आधीच मांडून ठेवावा. कोणते रुग्णालय, कोणता रस्ता, रात्री कोणाचे वाहन, हे ग्रामसभेत ठरवून फलकावर लिहिले, तर एखाद्या घराचा आधार वाचेल.

उज्जैनचा पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्यासाठी देशभरातून, महाराष्ट्रातूनही, लक्षावधी भाविक येतील आणि त्यांत वृद्धांची संख्या मोठी असेल. जाण्याची तयारी करताना कपडे व शिधा यांबरोबर रक्तदाब, साखर व पायाची नाडी एकदा तपासून घ्यावी, आणि गोळ्यांची पुडी प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरेल अशी बरोबर ठेवावी. वाटेत कोणी पोटरी धरून थांबला, तर त्याला वयाचे कारण सांगून पुढे नेऊ नये. जवळच्या वैद्यकीय पथकाकडे न्यावे आणि घरी परतल्यावर त्याच्या हृदयाची तपासणी झाल्याची खात्री करून घ्यावी.